चार खाटा, एकच जंतू

प्रभावतीने तपासणी चौथ्यांदा केली, कारण तिसऱ्या वेळी तिला आपल्याच हाताची शंका आली होती. पिंपरीच्या त्या खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती अठरा वर्षं जंतू तपासत होती, तरी ठामपणे काही सांगायचं म्हटलं की ती आधी पुन्हा तपासून बघायची. पण डीएनएचे पट्टे काही बदलेनात. आयसीयूतल्या चौघांना न्यूमोनिया झालेला, आणि चौघांचे जंतू एकाच वंशाचे. आयसीयूतल्या स्टीलच्या जगमधल्या पाण्यातही तोच जंतू.

हेड सिस्टर मंजुळाबाईंना पाणी फेकणं जिवावर यायचं. निर्जंतुक पाण्याची बाटली फोडली की उरलेलं त्या जगमध्ये जायचं आणि तिथून प्रत्येक व्हेंटिलेटरच्या, हवा ओलसर करणाऱ्या डब्यात.

अहवाल वाचून व्यवस्थापक यशवंतरावांनी चष्मा काढला. "मॅडम, पेशंटच्या घरच्यांना आपण सांगितलंय, जंतू बाहेरून आले. त्यांच्या वर्कशॉपची धूळ वगैरे. 'संबंध आढळला नाही' एवढंच लिहा."

"चौघं चार ठिकाणचे, सर. एक भोसरीचा, एक देहूरोडचा. सगळीकडची धूळ एकाच आईची कशी?"

"चूक तुमचीही असू शकते."

"असू शकते. म्हणून चारदा केलं. पाचव्यांदा तुम्ही करून घ्या, मी बाजूला उभी राहते."

"नोकरीचा विचार करा."

"तोच करतेय."

तेवढ्यात वरच्या आयसीयूतून फोन आला. अपघातातल्या ज्योतीराम नावाच्या फिटरला पाचव्या खाटेवर व्हेंटिलेटर लावत होते. प्रभावतीने अहवालावर सही ठोकली आणि तडक जिना चढली.

मंजुळाबाई जग घेऊन खाटेपाशी पोचल्याच होत्या. प्रभावती मध्ये उभी राहिली.

"मावशी, हे पाणी नाही घालायचं."

"अगं, चांगलं हाय की. सकाळीच बाटली फोडली."

"चौघांच्या छातीत यातलाच जंतू गेलाय. मी तपासलंय."

मंजुळाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माज्या हातानं?"

"हो, मावशी."

यशवंतराव धापा टाकत आले. "प्रभावती, बाजूला व्हा. इथे तमाशा नको."

ती हलली नाही.

मंजुळाबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग बेसिनपाशी जाऊन जग उपडा केला आणि नव्या बाटलीचं सील तोडलं.

प्रभावतीने अहवाल यशवंतरावांपुढे धरला. "बाकीच्या चौघांची माणसं खाली बसलीत. त्यांना तुम्ही सांगताय, की मी सांगू?"