सहा महिन्यांत तीन इंच

बंगळुरातल्या चामराजपेटेत त्या मठाबाहेर रविवारी गल्लीच्या टोकापर्यंत रांग लागायची. रांगेत ठेंगणी पोरं आणि आशाळभूत आया. भीमाचार्यस्वामी पोराला खांबाला टेकवून उंचीची रेघ मारायचे आणि मंतरलेल्या तेलाची बाटली द्यायचे. "रोज पाठीला चोळा. विज्ञान हात टेकतं, तिथून आमचं तेल सुरू होतं!" विज्ञानानं हात कधी टेकले, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

श्यामलाचा सात वर्षांचा प्रणीत सहा महिन्यांत तीन इंच वाढला. स्वामींनी त्याला सगळ्यांपुढे उभं केलं. श्यामला इतकी हरखली की नणंद अनुसूयेसकट आठ घरं तिनंच रांगेत आणली.

मग प्रणीतचा आवाज फुटला, ओठावर लव आली. "पुरुषतेज!" स्वामी म्हणाले. शाळेत पोरं त्याला 'अंकल' म्हणून चिडवू लागली, तेव्हा श्यामलानं मल्लेश्वरमच्या डॉक्टर विद्यांना गाठलं.

विद्यांनी हाताचा एक्स-रे काढला, तेल प्रयोगशाळेत पाठवलं.

"तेलात पुरुषी हार्मोन मिसळलंय," पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या. "कातडीतून अंगात शिरतं. हा सातव्या वर्षीच वयात येतोय. हाडं तेरा वर्षांची झालीत."

"पण वाढला ना, डॉक्टर?"

"आधी झपाट्यानं वाढतो. मग हाडं लवकर पिकतात आणि वाढ कायमची थांबते."

"आता?"

"तेल बंद करा, औषधं देऊ. पण हाडांचं वय मागे नेता येत नाही. पाच फूट झाला तरी पुष्कळ."

रोज आंघोळीआधी तिनं स्वतःच्या हातांनी ते तेल चोळलं होतं. ती तिथंच ढसाढसा रडली.

रविवारी ती रिपोर्ट घेऊन रांगेसमोर उभी राहिली. "अक्का, फेकून दे ते तेल! पोरं खुजी राहतील!"

अनुसूयेनं शेजारी उभ्या प्रणीतला खालून वर न्याहाळलं. "तुझा वाढवून घेतलास, आता आमची पोरं वाढलेली बघवेनात होय?" तिनं आपल्या मुलाला त्याच्याशेजारी उभं केलं; तो जेमतेम प्रणीतच्या खांद्याला लागत होता. "बघा, दोघं एका वयाचे!"

रांगेत वाहवा झाली. रिपोर्ट कुणी हातातसुद्धा घेतला नाही.

त्यांनी ऐकलं नाही, निदान तुम्ही ऐका. सातव्या-आठव्या वर्षी मुलगा किंवा मुलगी वयात येऊ लागली, तर तो प्रसाद नव्हे. लगेच डॉक्टरांकडे न्या. प्रणीतच्या बाबतीत उशीर झाला आहे.