दोन डबे जास्त

पडघ्याजवळच्या ज्या माळावरून मी फवारणीचं विमान उडवायचो, तिथे आता गोदामं आहेत. आमची धावपट्टी म्हणजे कापलेलं गवत आणि चुन्याच्या चार रेघा. भातावर तुडतुडे पडले की सकाळपासून फेऱ्या सुरू. टाकीत औषध भरायचं काम लडकूचं. त्याने पत्र्यावर थाप मारून "चला सायेब!" म्हटलं की मी निघायचो. इतकं सुख मला पुढे कुठेच मिळालं नाही, बँकेच्या नोकरीत तर नाहीच नाही.

त्या दिवशी पट्टी ओली होती. "आज टाकी पाऊणच भर," मी त्याला बजावलं. विमान पळालं, पण उठलंच नाही, शेवटच्या बांधावर जाऊन आपटलं. माझा पाय मोडला आणि उडणं कायमचं सुटलं. लडकू एकदाही भेटायला आला नाही. मेली माणसंच अशी, म्हणत मी पंचेचाळीस वर्षं त्याच्यावर डूख धरून बसलो.

परवा तो कामतघरला माझ्या दारात उभा. पार वाकलेला.

"नात आता ड्रोननं फवारनी करते," खुर्चीच्या कडेला टेकत तो म्हणाला. "काल टाकी गच्च भरली, ड्रोन उठला न्हाय, बांधावर आपटला. सगली हसली. मला न्हाय हसू आलं. सायेब, तवा मी दोन डबं जास्ती ओतलं व्हतं. माझं खाचर शेवटाला, तिथवर औषध पुरतच न्हवतं. माझ्यामुलं तुमचं उडनं गेलं. कंच्या तोंडानं येनार व्हतो?"

मला गप्प बसता आलं असतं. चौकशीत मी सगळं इंजिनावर ढकललं होतं आणि ते खपूनही गेलं होतं. पण म्हातारा समोर रडत होता. मला माझीच चीड आली.

"लडकू, विमान जड आहे हे मला निघताक्षणीच कळलं होतं. थांबवता आलं असतं. पण बघायला अख्खा गाव जमला होता. त्यांच्यासमोर परत फिरायची लाज वाटली, म्हणून रेटलं."

त्याने डोळे पुसले. मला वाटलं, आता हा मोकळा होईल, दोन शिव्या देईल, मग आम्ही चहा पिऊ.

"मंग तवाच येऊन सांगाचं व्हतं ना, सायेब," तो म्हणाला. "त्या खाचरात मी परत कदी भात लावलं न्हाय."