कापूस धरणारी कडी

कडीच्या आतल्या कडेला एक केस चिकटलेला होता. तिने तो नखाने काढायला पाहिला, निघेना. फुंकर मारली, तरी जागचा हलेना. मग भिंग डोळ्याला लावलं आणि कळलं की हा केस नव्हेच, तडा आहे... पण हे तर तिला आधीपासून ठाऊक होतं. तडा होता म्हणूनच ती कडी बाबांच्या पत्र्याच्या डब्यात पडून होती, झाकणावर त्यांच्याच अक्षरात ‘बाद’ लिहिलेलं. सकाळी कामाला बसताना सगळ्यांत आधी हात गेला तो त्या डब्याकडे. मग नखाने कसला केस काढत होतीस बाई, असं तिने स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कडी टेबलावर ठेवली.

टेबलावर दोन लाकडी खुंट्यांवर नऊ फुटांची काठी आडवी पडली होती – करडी, गुळगुळीत, अजून कोरी. मूठ बसवून झाली होती. आता कड्या निवडायच्या, जागच्या जागी लावून बघायच्या आणि मग रेशमाने बांधायच्या. काठी कुणीही घडवेल, अक्कल दिसते ती कड्यांत, असं बाबा म्हणायचे. पिसांची खोटी माशी लावून मासे पकडणाऱ्या माणसाच्या गळाला वजन म्हणून नसतं. तो फेकतो ती दोरीच, आणि दोरी मुठीपासून टोकापर्यंत या कड्यांतूनच पळते. मुठीजवळ मोठी, चिनी मातीच्या अस्तराची, मग लहान होत गेलेल्या नुसत्या तारेच्या. कड्या जितक्या हलक्या तितकी काठी जिवंत. जड लावल्या की टोक फेकीनंतरही झुलत राहतं आणि काठी मंद होते. बावीस वर्षं ती हे करत होती, त्यातली शेवटची सहा एकटीने. कड्या निवडताना तिला कधी शिसारी आली नव्हती. आज मात्र सकाळपासून तोंडाला पाणी सुटत होतं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

काठी दंतवैद्यासाठी होती.

दंतवैद्य म्हणजे आईचे दंतवैद्य. आई अडुसष्ट वर्षांची, ते एकाहत्तरचे, पुढच्या महिन्यात दोघं लग्न करणार होती. हे आईने फोनवर सांगितलं, पडदे धुवायला टाकलेत हे सांगता सांगता, त्याच आवाजात. ‘बरं,’ ती म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, आई धडधाकट होती, माणूस सभ्य होता. नावं ठेवायला जागा नाही, हीच तर पंचाईत! आणि मग आईने मागितलं काय, तर काठी. ‘तुझ्या हातची दे त्यांना. मला तेवढंच हवंय.’

त्या रविवारी ती गेली नसती तर बरं झालं असतं. तळ्यावर आईने बोलावलं म्हणून गेली. चष्मा कपाळावर चढवून दंतवैद्य दोरीला माशी बांधत होते. गाठ आवळण्याआधी दोरी ओली करावी लागते, कोरडी आवळली तर घासून कमजोर होते – हे तिला कुणी शिकवायला नको, सगळेच थुंकी लावतात, तीही लावते. पण त्यांनी ती दोरी तोंडात घेतली, या गालातून त्या गालात फिरवली, सावकाश... आणि बाहेर काढली तेव्हा ओठापासून गाठीपर्यंत एक चकचकीत तार लोंबत होती. त्यांचे हात थरथरतात. त्यापायीच त्यांनी दवाखाना बंद केला. टोक काही चिमटीत राहीना, तेव्हा ते म्हणाले, ‘जरा धरा हो’ – आणि आईच्या दोन्ही हातांत खोट्या माश्यांची पेटी होती, म्हणून आईने... मान पुढे करून ते ओलं टोक ओठांत धरलं. धरलं, आणि तसंच धरून हसली.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घातलेला माणूस. आणि आई! जी पाहुण्यांच्या कपबशा दोनदा विसळायची; जी बाबांच्या पेल्यातून कधी पाणी प्यायली नाही, कारण बाबांचा पेला वेगळा, पालथा, खिडकीतला; जिला कारखान्यातल्या वार्निशच्या वासाने म्हणे डोकं दुखायचं, म्हणून तिने बाबांच्या हयातीत इथे पाऊल टाकलं नाही. बाबा घरी आले की कोपरापर्यंत हात धुवायचे, दोनदा, साबण लावून, आणि मगच आईच्या समोर बसायचे. त्या दोघांना एकमेकांचा हात धरलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिला वाटायचं, आपलं घर तसं आहे – स्वच्छ. आणि आता हे लाळेरं म्हातारपण... तिने टेबलाखालची बादली पायाने जवळ ओढली. ओकारी आली नाही. तीही धड येईना.

तिने कड्या लावायला घेतल्या. रबराच्या बारीक वेढ्यांनी तात्पुरत्या अडकवल्या, टोकाकडून मुठीकडे, एकेक – हलक्या, नाजूक, तिच्या आवडीच्या. मुठीजवळच्या पहिल्या जागी तडा गेलेली लावली. बघू तर कशी दिसते, असं म्हणत लावली. दिसायला काय, छान दिसत होती.

यात होणार काय, हे तिच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. पहिल्या दिवशी काही नाही. महिन्याभरात तडा दोरीची साल खरवडेल, दोरी खरखरीत होईल, अडखळत पळेल, फेक जवळ पडू लागेल. आणि दंतवैद्य कडीकडे बघणारच नाहीत. ते आपल्या हातांकडे बघतील. म्हणतील, गेलं आता हेही. दवाखान्याला कुलूप लावलं तसं काठी कोपऱ्यात उभी करतील आणि तळ्यावरचे रविवार संपतील... इतकं स्वच्छ, पायरीपायरीने तिला दिसलं, आणि दिसल्यावरही हात थांबला नाही. रेशमाचं रीळ निवडलं. हिरवं. चांगलं निवडलं.

‘आहेस का गं?’

दारात आई. भर दुपारी, हातात पिशवी, कपाळावर घाम. थेट आत आली आणि स्टूल ओढून बसली.

‘तुझं डोकं दुखेल,’ ती म्हणाली.

‘कशाने?’

‘वासाने.’

‘अगं, ते होय,’ आई म्हणाली आणि काठीकडे बघत राहिली. मग पदराने घाम टिपत म्हणाली, ‘एक सांगायचं होतं, फोनवर नको म्हटलं. कड्या जरा मोठ्या घाल. सगळ्या. ह्यांना दोरी ओवायला जमत नाही आता. परवा तासभर बसले होते तळ्यावर, ओवत. मी गप्प राहिले. मदत केली की त्यांना वाईट वाटतं.’

ह्यांना! काय सहज आलं तोंडात.

‘मोठ्या घातल्या तर काठी मरते, आई. जड होते. बेढब दिसते.’

‘होऊ दे जड. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं त्यांना. म्हणावं, हल्ली अशाच करतात.’

तिला त्या लाडीगोडीची किळस आली, एकाहत्तर वर्षांच्या माणसापासून लपवायच्या त्या एवढ्याशा गोष्टीची. तिने मोठ्या कड्यांचा खोका खाली काढला, तोवर आई उठून काठीशी गेली होती. पिशवीतून तिने कसलासा डबा काढला, त्यातून कापूस. बोटांनी बोंडभर कापूस ओढून त्याचं टोक ओठांत धरलं, ओलं केलं, पीळ दिला – एकच पीळ, अंगठ्याने, बाहेरच्या बाजूला – आणि टोक पहिल्या कडीत घालून पलीकडून सावकाश ओढलं.

ती बघत राहिली. हा पीळ तिचा होता. म्हणजे बाबांचा. बाबांनी शिकवला होता तिला – टोक ओलं, अंग कोरडं. टोक ओवलं जातं, आणि तडा असेल तर तो कोरड्या तंतूंना धरतो.

‘तुला कुणी...’

‘तुझे बाबा शेकड्याने कड्या घरी आणायचे,’ आई म्हणाली. ‘तू झोपलेली असायचीस. त्यांचे हात वार्निशने राठ झालेले, त्यांना कापूस वळता येत नसे. मी वळून द्यायची, ते ओढायचे. मी कड्या उजेडात धरायची आणि ते... पंचवीस वर्षं. माझ्या तोंडातला कापूस बरा त्यांना चालायचा, पेला मात्र वेगळा हवा!’ आई हसली. तेच हसू, तळ्यावरचं.

आणि कापूस अडला. कडीत दोनतीन तंतू राहिले, पांढरे, तड्यावर उभे.

आईचं हसू लगेच गेलं नाही. ते काही वेळ तोंडावर तसंच राहिलं आणि आई तंतूंकडे बघत राहिली. मग तिने रबराचा वेढा सोडवला, कडी काढली. ‘ही धरते,’ ती म्हणाली. टेबलावर सात-आठ डबे होते. त्यांतला पत्र्याचा, ‘बाद’ लिहिलेला, तेवढाच उघडा होता. त्या अक्षरांवरून आईने एकदा बोट फिरवलं, कडी आत टाकली आणि झाकण दाबून बसवलं.

आईने काहीतरी बोलावं, असं तिला वाटलं. ओरडावं. चुकून आली, असं आपणच म्हणावं का?

‘डोळे तपासून घे हो एकदा,’ आई म्हणाली, तिच्याकडे न बघता. पिशवी उचलली. दाराशी थांबली. ‘आणि जेव काहीतरी. तोंड सुकलंय तुझं.’

आई गेल्यावर तिने सगळ्या नाजूक कड्या काढून टाकल्या. मोठ्या खोक्यातून पहिली कडी घेतली – ढोबळ, ठसठशीत, म्हाताऱ्या बोटांची. आई कापूस विसरून गेली होती. त्याचं टोक अजून ओलं होतं, आईच्या तोंडाचं. तिने ते बघितलं, आणि नव्या कापसाकडे हात नेता नेता तेच टोक आपल्या ओठांत धरलं. आता ओकारी येईल, असं वाटलं. थांबली. ओल्या कापसाला कसलीच चव नव्हती.

तिने पीळ दिला आणि कापूस ओढला. अडला नाही. कडी बिनतड्याची होती, निवडण्याजोगी. तिने पुन्हा ओढला, उलट बाजूने, जरा दाबून... कुठेतरी एक तंतू तरी राहावा, एखादी खोट निघावी, म्हणून कडी गोल फिरवत ती ओढत राहिली, आणि कापूस दर वेळी सरळ, सगळाच्या सगळा, तिच्या हातात येत राहिला.