शून्य सर्व्हर, काम पूर्ण

अकरा दिवस बॅकअपची स्क्रिप्ट रोज सकाळी ‘काम पूर्ण’ असं छापत होती आणि अकरा दिवस तिने काडीचं काम केलं नव्हतं. ज्या सर्व्हरवर ‘रोज बॅकअप’ असा टॅग दिसेल तो शोधायचा आणि त्याची प्रत काढायची, बस्स. एकही सापडला नाही तर निदान बोंब तरी मारावी की नाही? बाईसाहेब शून्य सर्व्हरांच्या प्रती काढून मोकळ्या!

आज सर्व्हर बसला आणि लहान मुलांचे कान तपासणाऱ्या दवाखान्याचे अकरा दिवसांचे अहवाल गेले ते गेलेच. स्क्रिप्ट अण्णांची. साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. अण्णा शुक्रवारी निवृत्त होणार होते. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

घोळ शोधायचं काम धाकटीकडे आलं. टीममध्ये वयाने लहान, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. तिची आई जाऊन वीस दिवस झाले होते. तेव्हापासून ती जेवायची, झोपायची, कुणी विनोद केला तर हसायचीही, पण आत सगळं ठप्प.

तिने जुन्या नोंदी उघडल्या. अकरा दिवसांपूर्वी, ती कामावर परतली त्याच दुपारी, कुणीतरी सर्व्हरना विभागाचा नवा टॅग लावला होता. लावताना जुन्यांत भर घालायची सोडून ‘रोज बॅकअप’सकट जुने सगळे पुसून टाकले होते. पुढे नाव तिचंच होतं. आता पोटात खड्डा पडेल म्हणून ती थांबली. पडला नाही.

तिने अण्णांना जाऊन सांगितलं. त्यांनी त्या नोंदी सकाळीच पाहिल्या होत्या. चूक आपली आहे, असं साहेबांना पत्रही लिहून ठेवलं होतं.

“माझे तीन दिवस राहिलेत,” ते म्हणाले. “तुझी अख्खी नोकरी पडलीय. गप्प बस.”

ती गप्प बसली. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

दुपारी दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. मुलांना पुन्हा बोलवायचं, पण कुणाकुणाला? त्यांची यादीही त्याच सर्व्हरवर होती. हे केलं कुणी, तेवढं तरी सांगा, बाई म्हणाल्या. साहेब शेजारीच उभे होते. त्यांच्या मागून अण्णा मानेनेच नको नको म्हणत होते.

“मी,” धाकटी फोनवर म्हणाली. मग साहेबांकडे बघून तिने सांगितलं, “टॅग मी पुसले. अण्णांनी नाही.”

साहेब काहीतरी बोलू लागले. फोनवर बाई रडायला लागल्या, अगदी हुंदके देऊन. धाकटीला त्यांचा हेवा वाटला.