मागच्या सीटवर मामंजी

सासऱ्यांची अट ऐकून मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. अट अशी, की घरातल्या कुणीतरी बुलेट आनंदानं चालवली पाहिजे, नाहीतर पोंगल झाल्यावर ती वेंकटरावांच्या हॉटेलात जाईल. नुसती चालवून भागणार नव्हतं, आनंदानं चालवायची होती. आता आनंदाची परीक्षा घेणार कोण? अर्थात तेच.

बुलेट छप्पन सालची. पाटबंधारे खात्यात असताना मामंजींनी, म्हणजे श्रीनिवासरावांनी, निम्मी नोकरी तिच्यावरून कालव्यांच्या काठाकाठानं हिंडून केली. पुढे ती गोठ्यात पडून गंजली. मी साताऱ्याहून लग्न होऊन तंजावूरला आले त्याच सुमाराला ते निवृत्त झाले आणि त्यांनी ती बाहेर काढली.

त्या घरात बोलतात मराठीच, पण राजेलोकांबरोबर आलेली आणि मग तमिळच्या अंगणात वाढलेली. माझी मराठी ऐकून सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि त्यांचं ‘अस्कि’ म्हणजे आपलं ‘सगळं’, हे कळेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. मामंजींजवळ मात्र बोलावं लागत नसे. ते इंजिन उकलायचे, मी पाने हातात द्यायची, नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायची. सुटे भाग तिरुचीहून यायचे, कधी मद्रासहून. ज्या संध्याकाळी ती पहिल्यांदा धडधडली, त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा आपण या घरातले आहोत असं वाटलं. म्हणून ती जायला नको होती. इतकं साधं होतं.

पण गाडी रंगून तयार होते न होते तोच मामंजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक मारायला कायमची बंदी केली. नवऱ्याला, श्रीकरला, तिचा आवाज सहन होत नाही. त्याचं मन बाजारात आलेल्या नव्या मुकाट गाड्यांवर. आणि नेमके तेव्हाच कुंभकोणमजवळ परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेल बांधणारे वेंकटराव उगवले. त्यांना ती दर्शनी दालनात ठेवायची होती, भोवती दोरी बांधून. मामंजी म्हणाले, चालवून कुणाला सुख होत नसेल तर ती इथे काय आणि तिथे काय.

मी शिकते म्हटलं. श्रीकर हसला. सासूबाईंनी साडी नेसून कशी बसणार ते विचारलं.  मामंजींनी घडीची खुर्ची आणि छत्री काढली आणि राजवाड्यामागच्या मोकळ्या मैदानाकडे चालू लागले.

पंजाबी ड्रेस घालून मी शिकायला लागले. या गाडीचं सगळंच उलटं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आधी डाव्या मुठीजवळची छोटी दांडी दाबून इंजिनाला दम घेऊ द्यायचा, हँडलमधल्या डायलचा काटा मध्यावर आणायचा, मगच किक. घाई केली की ती पायाला असा हिसडा देई की डोळ्यांत पाणी यायचं. अखेर एकदा ती सुरू झाली, मी पहिला गिअर टाकला, क्लच दाबून बसले, आणि खुर्चीवरून मामंजी म्हणाले, “सोड मा, सोड.”

मी सोडलं. क्लच सोडला, हँडल सोडलं, दोन्ही हात वर. गाडीनं एक उडी मारली आणि मला घेऊन वैरणीच्या गंजीत शिरली.

मामंजी लंगडत आले. मला लागलंय का ते पाहिलं, मग गाडीला लागलंय का ते पाहिलं, मग कपाळावर हात मारला.

“सोड म्हटलों तर गाडी सोडास लागतें,” ते म्हणाले. “हात नव्हे.”

त्यांच्या घरी गाडी चालवत नाहीत, सोडतात. तमिळमध्येही तसंच म्हणतात म्हणे. हे मला आधी कुणी सांगायचं? सासूबाईंनी ही हकीगत पुढे प्रत्येक लग्नमुंजीत सांगितली, आणि प्रत्येक वेळी गंजी थोडी मोठी होत गेली.

तरी मी शिकले. मैदानातून गल्लीत, गल्लीतून मोठ्या रस्त्यावर, आणि शेवटी थेट तिरुवैयारुला, मी नोकरीला होते त्या बँकेपर्यंत. बसस्टँडवरची माणसं वळून बघायची. गिअर चुकत नव्हता, ब्रेक चुकत नव्हता. पण खरं सांगायचं तर मला त्यात काडीचं सुख नव्हतं. दात आवळलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले, हँडल असं घट्ट धरलेलं की संध्याकाळी भात कालवताना बोटं दुखायची. मी गाडी वाचवत होते, चालवत नव्हते.

मामंजी रोज फाटकात उभे राहून माझा चेहरा बघायचे. पोंगल झाला आणि ते जेवताना शांतपणे म्हणाले, की वेंकटरावांना निरोप द्यावा. पोरगी उगीच हाल करून घेते आहे.

माझं डोकं फिरलं. मी पानावरून उठले. इतके दिवस पाय सोलून घेतले ते काय दोरीमागे उभी करायला, असं काहीतरी ओरडले, आणि फाटकाशी जाऊन गाडी सुरू केली. एका किकेत.

“बसा मागे,” मी म्हटलं.

त्या गाडीवर ते आयुष्यात कधी मागे बसले नव्हते. सुनेच्या मागे सासऱ्यानं बसावं हे तर आमच्या गल्लीनं कधीच पाहिलं नव्हतं. सासूबाई ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या आता अडवणार. पण त्यांनी नवऱ्याच्या हातात उपरणं दिलं आणि ऊन फार आहे, डोक्याला गुंडाळा, एवढंच सांगितलं.

वेण्णार नदीचा पूल येईपर्यंत मी तशीच, लाकडासारखी. रागानं आणखीच घट्ट धरलेलं. मागून मामंजींनी माझी कोपरं पाहिली असणार.

“सोड मा,” ते म्हणाले.

त्यांना काय म्हणायचं होतं, वेग वाढव की हात सैल कर, मला कळलं नाही. विचारणार कुठून, मी चिडलेली होते. मी साताऱ्याचा अर्थ घेतला. हँडलवरचे हात तसेच ठेवून फक्त बोटं ढिली केली.

आणि गाडी सरळ चालू लागली. इतके दिवस मीच तिला ओढत होते, ती बापडी आपल्या वजनानं सरळच जात होती. खांदे उतरले. दात सुटले. मग मला कालव्यातलं पाणी दिसलं, केळीच्या बागा दिसल्या. शेतकऱ्यांनी मळणीसाठी रस्त्यावर पसरलेला भात चाकांखाली करकरत गेला आणि कडेच्या बायका हात हलवून हसल्या. मीही हसले. इंजिनाचा ठोका पायांतून पोटात येत होता आणि तो मला चक्क आवडत होता.

तिरुवैयारु जवळ आलं तेव्हा पाठीला काहीतरी टेकलं. मी आरशात पाहिलं. मामंजींचं कपाळ माझ्या पाठीवर होतं आणि डोळे मिटलेले होते. दुसऱ्याच्या गाडीत हा माणूस कधी झोपत नाही, बसमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या चुका काढत जागा राहतो.  मी वेग इतका कमी केला की सायकलवाले पुढे जाऊ लागले. बँक आली, गेली. कावेरीच्या कडेनं मी तशीच पुढे गेले.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

“तिरुवैयारु गेलें की. थांबली का नाहीस?”

“मजा येत होती,” मी म्हटलं. विचार न करता, तोंडातून निघून गेलं.

 पुढच्या गावात एसटीडी बूथ दिसला तिथे त्यांनी मला थांबायला लावलं, लंगडत आत गेले आणि वेंकटरावांना फोन लावला. काच उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. वेंकटराव बोलत होते, मामंजी नुसते हं हं करत होते.

“तें मला विचारून काय उपयोग?” ते शेवटी म्हणाले. “गाडी माझी नव्हे. हिची अहे.”

आणि त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला.