चाळीस किलो माझ्या पोटात आहेत

मी एक जुना चौकोन आहे मित्रांनो, एक्सेलच्या फाइलमधला. दिंडोरीजवळच्या एका गावात द्राक्षं गोळा करायची शेड आहे, तिथल्या कॉम्प्युटरमध्ये माझं घर. मला ना कागद, ना शाई. हात लावायला जाल तर काच लागेल. तरी दिवसभराच्या तोडीचं सगळं वजन माझ्याच पोटात असतं. आणि मी चोर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या हंगामात मी किलोत बोलायचो. शेडच्या भिंतीवरच्या पडद्यावर मला भल्या जाड आकड्यांत मांडलेलं असे. आकडा वाढला की मी चौकटीत मावायचो नाही, मग माझ्या जागी नुसत्या ##### अशा जाळ्या उमटायच्या. "आलं बघा कुंपण!" म्हणून लोक हसायचे.

मग कॉम्प्युटरवर बसणाऱ्या तृप्तीनं मला नवा अंगरखा शिवला, म्हणजे आकडा दाखवायची नवी तऱ्हा. शून्य, टिंब, शून्य, त्यापुढे एक स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांत 'टन'. त्या एवढ्याशा स्वल्पविरामाची करामत बघा, तेरा हजार दोनशे किलो '१३.२ टन' दिसू लागले! पोटात मात्र किलो होते तेवढेच. पानाआड घड दडावा, तसे. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही मिरवलो.

आमच्या शेडची एक रीत आहे. आपला माल काट्यावर चढला की पडद्याकडे बघायचं, आकडा हलला की घरी निघायचं. पावती हातात असली तरी डोळ्यांना तो हललेला आकडा लागतोच.

यंदा एका दुपारी कमळाबाई दोन क्रेट घेऊन आल्या. चार ओळींची बाग, छाटणीपासून तोडीपर्यंत एकटीनं सांभाळलेली. माल काट्यावर चढला, उतरला. त्या पडद्याकडे बघत उभ्याच राहिल्या.

"गोरक्षा, माझा माल धरला नाय का रं?"

"धरला की मावशी," काट्यावरचा गोरक्ष म्हणाला. "चाळीस किलो."

"मंग तेरा पॉइंट दोन हाय तिथंच कसं?"

"एवढ्याशा मालानं हलायला तो पडदा काय पाळणा हाय?"

शेड हसली. कमळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी थप्पीतला आपला एक क्रेट उचलून कमरेवर घेतला. "हललं नाय, म्हंजी मोजलं नाय. मी माझा माल नेते. हितं परत येणार नाय."

मित्रांनो, मला तोंड असतं तर पत्रे हादरले असते! आहेत, मावशी, चाळीसच्या चाळीस आहेत! टिंबापुढे एकच आकडा, त्यात शंभर किलोंच्या आतलं दिसत नाही एवढंच! एक मणीसुद्धा गळलेला नाही!

तेवढ्यात मॅनेजर रविराज बाहेर आले. "तृप्ती, हातानं सरळ तेरा टन टाक. वरचं किरकोळ सोड. रोजची कटकट नको."

"सर, तसं केलं तर ते किलो खरंच जातील," तृप्ती म्हणाली. "आता नुसते दिसत नाहीयेत."

तिनं माझा अंगरखा काढला. पडद्यावर मी उघडा उभा राहिलो, १३२४०.

कमळाबाई क्रेटसकट पुढे आल्या, बोट उचललं. "त्ये शेवटचं चाळीस माझं?"

"तुमचंच, काकू."

"मंग झाकलं कशापायी?"

तृप्तीनं माझी चौकट रुंद केली, टिंबापुढे आणखी दोन शून्यं शिवली. १३.२४० टन. मागून रांगेतल्या पुंजाबाबांचा एकच क्रेट काट्यावर चढला, वीस किलोंचा, आणि साऱ्या शेडसमोर मी हललो. १३.२६०!

"हाललं बया," म्हणत कमळाबाईंनी क्रेट थप्पीवर परत ठेवला, पदर खोचला आणि गोरक्षाकडे न बघता निघून गेल्या.

तेव्हा मित्रांनो, मला टनात दाखवा, लाखात दाखवा, हवा तो अंगरखा घाला. पण अंगरखा तोकडा पडला म्हणून अंग कापायला येऊ नका. मी कुणाचं काही सोडणार नाही. आणि कुणाच्या दोन क्रेटनी पडदा हलला नाही, तर त्या माणसाला हसू नका. माझी चौकट रुंद करा.