सभेच्या चपला

पंचायतीच्या आवारात लोखंडी तुळया गंजत पडल्या होत्या. त्या तुळया वस्तीच्या वाटेवरच्या ओढ्यावर टाकून साकव करायचा, की डोंगराखालच्या बंगलेवाल्यांच्या रस्त्याला वापरायच्या, एवढंच ग्रामसभेनं ठरवायचं होतं. गेल्या आषाढात वस्तीवरच्या चंपाला खाटेवरून दवाखान्यात नेताना ओढा चढला, माणसं मागं फिरली आणि मूल पोटातच गेलं. यंदा त्याच वस्तीवरच्या बयाबाईच्या नातसुनेचे, राजेश्वरीचे, दिवस आषाढातच भरत होते.

पण सभेच्या सकाळीच लोणावळ्याहून टीव्हीवाल्यांची गाडी आली. त्यांना खेड्याचा आवाज हवा होता. सरपंच महिपतीनं ताबडतोब विषय बदलला. देशातल्या सगळ्या निवडणुका एकदमच घ्याव्यात का?

देवळाच्या सभामंडपात गाव पेटलं. ज्यांना दूध सोसायटीची निवडणूक डोकी न फोडता उरकता आली नव्हती, ते राज्यघटनेवर बोलू लागले. रात्री टीव्हीवर ऐकलेलं सकाळी आपलं म्हणून ओकत होते. सगळ्यांत मोठा आवाज निलेशचा, राजेश्वरीच्याच नवऱ्याचा. त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या पाहून बयाबाईला वाटलं, एवढा जोर याच्या अंगात होता तर घरी पाण्याचा हंडा का उचलत नाही?

ती उठली. "म्हैपता, साकवाचं काय?"

"आजी, प्लीज, विषयांतर नको," सूटवाला निवेदक म्हणाला.

"काकू, हितं देशाचं चाललंय," महिपती म्हणाला. "साकवाचं पुढल्या सभेला बघू."

पुढली सभा पावसाळ्यात. बयाबाई बाहेर पडली.

तिचे सासरे अंबाजी गावचे पंच होते. तेव्हाही लोक भांडायचे, पाण्याच्या पाळीवरून आईबहीण काढायचे. पण सभा बसली की अंबाजी सगळ्यांची पायताणं पाटीत भरत आणि पाटी पालथी घालून वर बसत. निकाल लागल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. त्या भांडणांतून पाण्याच्या पाळ्या ठरल्या, वाटा निघाल्या. आताच्या भांडणांतून नुसती थुंकी निघत होती.

तिनं चंपाला हाक मारली. दोघींनी दारातल्या चपला पाटीत भरल्या. भक्तिभाव दिसावा म्हणून निवेदकानं काढलेले बूटही घेतले. पिंपळाखाली पाटी उपडी करून दोघी तिच्यावर बसल्या.

देशाचा निकाल लावून मंडळी बाहेर आली. वैशाखातली फरशी तव्यासारखी तापली होती. पुढचे चटकन मागं सरले, मागचे त्यांच्यावर आदळले.

"काकू, चपला द्या!"

"साकवाचा ठराव करा. मग देते."

"आज्जे, लाज आणलीस टीव्हीफुडं!" निलेश ओरडला.

"तुजी बायकू ओढ्याकाठी अडकली म्हंजी खाट उचलाया ह्यो सूटवाला येनार हाय का?"

कुणीतरी हसलं. चंपा मात्र हसली नाही. ती एकेकाकडं नुसती बघत राहिली, तशा माना खाली गेल्या. ग्रामसेवकानं देवळाच्या पायरीवर बसून ठराव लिहिला, मोठ्यानं वाचला. एका पायावर उभे राहून सगळ्यांनी हात वर केले. महिपतीनं सर्वांत शेवटी.

संध्याकाळी बयाबाई टीव्हीवर दिसली. खाली पट्टी होती: एकत्र निवडणुकांना ग्रामीण महिलेचा तीव्र विरोध.

"आजी, तुमी इरोध केलता?" राजेश्वरीनं हसत विचारलं.

"मला कुनी इच्यारलंच न्हाई, बाय."

दारात महिपती उभा होता. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

"काकू, माजी एक चप्पल ऱ्हायलीय."

"ऱ्हायली न्हाई, ठिवलीय. तुळया ओढ्यावर पडल्या की न्यायची."

"अवो, ठराव झालाय की!"

"व्हय. म्हनून एक दिलीय."